निरोगी दाता क्रमांक तीन

रविवारी आई न कळवता आली. साडेअकरा वाजले होते. हातात मोड आलेल्या वालांचा डबा.

"कोमट पाणी ठेव," हे तिचं दारातलं पहिलं वाक्य. "बिरडं करू."

"मला उद्या प्रुफं द्यायची आहेत. आठवीचा भूगोल."

"आठवीचा भूगोल कुठे पळून जातोय? वाल मात्र उद्यापर्यंत आंबतील."

"सोलायलाच तास जाईल."

"दोघींनी सोलले तर अर्धा. भागाकार जमतो ना अजून?"

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. वाल चिमटीत दाबला की दाणा सुळकन बाहेर पडतो आणि साल बोटांत राहते. आईचा एकही दाणा मोडायचा नाही. छत्तीस वर्षं तिनं डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या होत्या, त्यामानानं वाल म्हणजे डोंगर. डॉ. हेमांगी कारखानीस, रेणवीय चेताविज्ञान, जनुकोपचार. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी ती रोज सकाळी प्रयोगशाळेत जायची आणि तिच्या जागी बसलेल्या माणसाच्या चुका काढायची.

"तुझी एक सही हवी आहे," ती मान वर न करता म्हणाली. "साक्षीदार म्हणून."

"कशावर?"

तिनं ओले हात पदराला पुसले आणि पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मानवी जनुक-प्रतीचा स्रोत जाहीर करण्याचा अर्ज. साक्षीदार रक्ताच्या नात्यातला हवा, कारण जाहीर होणारी माहिती त्याचीही असते, असं खाली बारीक टायपात होतं. ते मी वाचलं, पण नंतर. आधी दिसलं ते रुग्णाचं नाव: चैत्राली अप्पासाहेब मगदूम.

"हे मंगळवारी बघू," मी म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे, शालू."

"प्रुफं आहेत म्हटलं ना."

 आईनं कागदाची चौघडी घातली आणि पिशवीत ठेवली. "बरं. मंगळवारी," म्हणाली आणि पुढचा वाल उचलला. बिरडं छान झालं होतं. ती दोनदा वाढून जेवली.

आईचं काम ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. हात उचलायचा, मान वळवायची, बोलायचं, या सगळ्यासाठी मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते बनवण्याची शेवटची पायरी एक विकर, म्हणजे एन्झाइम, पार पाडतं. त्या विकराचा आराखडा एका जनुकात असतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या तर मूल दिसायला धडधाकट जन्मतं, पण मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. त्याला कळतं सगळं, करता काहीच येत नाही. अशी मुलं फार थोडी असतात आणि त्यांच्यासाठी काम करणारे त्याहून थोडे. आई त्यांतली एक.

एका निरुपद्रवी विषाणूचं पोट रिकामं करून तिनं त्यात त्या जनुकाची चांगली प्रत भरली. कवटीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून ती थेट नेमक्या पेशींपर्यंत पोचवायची, असा तो उपचार. तिच्या प्रयोगशाळेतून तो पहिल्यांदा मिळाला चैत्रालीला. जयसिंगपूरला बेकरी चालवणाऱ्या अप्पासाहेब मगदूमांची ही मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी तेरा.

मूल सुधारतंय का हे मोजायला आईनं एक साधी चाचणी शोधून काढली होती. पुष्कळ भाषांत आईला हाक मारायची तर ओठ मिटावे लागतात. मराठीत लागत नाहीत. आ आणि ई, दोन स्वर. तोंड उघडायचं आणि जीभ वर न्यायची. ओठांवर ताबा नसलेल्या मुलालाही हे जमू शकतं. आ पासून ई पर्यंत पोचायला जिभेला किती वेळ लागतो, ते यंत्र मोजायचं. तुम्हाआम्हाला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो.

अकराव्या आठवड्यात चैत्रालीनं आ म्हटलं आणि बऱ्याच वेळानं ई. परिषदेत ती चित्रफीत दाखवताना आई दर वेळी बजावायची, "हा शब्द समजू नका. ही कुणाला मारलेली हाक नाही. हा एका स्वराकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास आहे." लोक तरीही टाळ्या वाजवायचे. काही जण डोळे पुसायचे.

मूळ चित्रफीत मी घरच्या संगणकावर पाहिली होती. परिषदेतल्या फितीपेक्षा ती एका सेकंदानं मोठी होती. चैत्रालीचा ई संपतो आणि कॅमेऱ्याच्या मागून आईचा आवाज येतो: "ओ."

तो सेकंद तिनं कापून टाकला होता. विज्ञानात त्याला जागा नव्हती.

त्याच दिवशी मी स्वयंपाकघरातून तिला हाक मारली. ती आतल्या खोलीत आलेख काढत बसली होती. "एक मिनिट," ती म्हणाली. मी पुन्हा हाक मारली. "शालू, एक मिनिट म्हटलं ना." मला काहीच नको होतं, फक्त ओ हवा होता.

त्यानंतर मी तिला हाक मारणं सोडलं. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. काही बोलायचं असलं की मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि सरळ वाक्य सुरू करायची. अठरा वर्षं. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही.

माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी चैत्राली पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली. बाबा तेव्हा दुबईला होते, ते तिथलेच झाले. आईनं दोन्ही बातम्या त्यांना फोनवर एका वाक्यात सांगितल्या. माझी दुसरी होती. पुढे चैत्रालीचं चालणं, चैत्रालीची सायकल, चैत्रालीचा बारावीचा निकाल. स्वतःचं नाव नीट म्हणायला तिला चार वर्षं लागली, तेव्हा आईनं प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. मी पहिल्या महिन्यातच माझं नाव म्हणाले असते तरी पेढे वाटले गेले नसते, कारण मी बोलणार हे गृहीतच होतं. निरोगी मुलं गृहीत असतात.

सोमवारी सकाळी सव्वादहाला आई प्रयोगशाळेच्या जिन्यात बसली आणि पुन्हा उठली नाही. फोन केला तो फिरोजदादानं. डॉ. फिरोज तांबोळी, आईचा पहिला विद्यार्थी आणि आता तिच्या जागी बसलेला माणूस. "शाल्मली, मॅम गेल्या," एवढंच त्याला म्हणता आलं.

शोकसभा संस्थेच्या सभागृहात झाली. चैत्राली वडिलांबरोबर आली होती, पहिल्या रांगेत. आता बावीस वर्षांची, उंच, दोन वेण्या घातलेली. कुणी एक बाई तिच्यापाशी वाकून म्हणाल्या, "तुझ्या आईनं फार मोठं काम केलं गं."

चैत्रालीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मुलगी... ती. मी... पेशंट."

तिची जीभ जड पडत होती. ते मी ऐकलं, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. बाईंची चूक समजण्यासारखी होती. रडत होती ती, मी नव्हते.

चार दिवसांनी फिरोजदादा घरी आला. चहा घेतला, कप हातात तसाच धरून बसला.

"मॅमचा एक अर्ज होता. त्यावर सह्या झाल्या होत्या का?"

"नाही."

"तुझीही नाही?"

"दोघींचीही नाही. मंगळवारी करणार होतो."

त्यानं कप खाली ठेवला. "मग तुला सगळं सांगावं लागेल."

त्यानं सांगितलं ते असं. पेशी बाहेरून आलेल्या प्रतीवर वर्षानुवर्षं बारीक रासायनिक झाकणं बसवत जातात. चैत्रालीच्या पेशींनी अठरा वर्षांत बरीच झाकणं बसवली होती, आणि आता विकर कमी पडायला लागलं होतं. जुना विषाणू पुन्हा देता येत नव्हता, कारण तिच्या शरीरानं त्याला ओळखून ठेवलं होतं. त्यावर नवी सोय निघाली होती, चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबातून प्रत नेण्याची.

"पण आतली प्रत अगदी तीच पाहिजे," फिरोजदादा म्हणाला. "चैत्रालीच्या शरीरात जन्मतः हे विकर नव्हतंच. चार वर्षांची असताना जे आलं, त्याला तिच्या शरीरानं आपलं म्हटलं. एका अक्षरानं वेगळं दिलं तरी ते परकं ठरेल, आणि मेंदूत सूज आली तर आपल्या हातात काही राहणार नाही."

"मग तीच द्या. तुमच्याकडे लिहिलेली असेलच."

"अक्षरं सगळी आहेत. मालकाचं नाव नाही. माणसाच्या पेशीतून काढलेली प्रत पुन्हा वापरायची तर त्या माणसाची संमती लागते. तो नसेल तर वारसाची. कायदा नवा आहे. मॅमच्या वहीत नुसतं लिहिलंय, निरोगी दाता तीन."

"कोण तो?"

तो पहिल्यांदाच हसला. "आम्हाला निरोगी रक्त हवं असलं की बाहेर कोण जातंय? ज्याचे हात मोकळे असतील तो दंड पुढे करायचा. दाता एक मी. माझं रक्त नळीतच गोठलं. मॅम म्हणाल्या, फिरोज, तुझं रक्तही तुझ्यासारखंच, आलं की बसलं. दाता दोन आमचे शिपाई पवारमामा. ते सुई बघूनच आडवे झाले. मग मॅमनी स्वतःची बाही वर केली."

मी वही पाहिली. आईचं बारीक, उभं अक्षर. तारीख माझ्या जन्माच्या अकरा आठवडे आधीची. तिच्या पोटात मी होते आणि दंडातून ते रक्त निघत होतं.

वारस असल्याचा पुरावा म्हणून माझी लाळ घेतली. दोन दिवसांनी अहवाल आला. मी तिची मुलगी होते, यात शंका नव्हती. आणखी एक गोष्ट होती, ती मी विचारली म्हणून फिरोजदादानं सांगितली. आईच्या दोन प्रतींपैकी एक सर्वसाधारण, बहुतेकांकडे असते तशी. दुसरीत एका अक्षराचा फरक. त्या फरकामुळे विकर जरा जास्त टिकाऊ होतं. विषाणूत भरली गेली ती ही दुसरी.

"माझ्यात कुठली?"

"पहिली. तुला काही फरक पडत नाही, शाल्मली. दोन्ही चांगल्या."

"दुसरी कुणाकुणाकडे आहे?"

"नंतरच्या मुलांना सर्वसाधारण प्रतच दिली. म्हणजे..." तो घुटमळला. "मॅम गेल्यावर, आमच्या माहितीत, फक्त तिच्याकडे."

त्यानं वारसाच्या संमतीचा कागद टेबलावर ठेवला. "घाई करत नाही. पण घाई आहे. विकर एका पातळीखाली गेलं की पुढचा उतार घसरगुंडीसारखा असतो. गेलेलं सगळं परत येईलच, असं नाही."

"वाचून देते," मी म्हणाले.

मी मुद्रितशोधक आहे. मूळ प्रत आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून एका अक्षराचा फरक शोधणं हे माझं पोट भरण्याचं साधन. आईच्या शरीरातलं ते एक अक्षर मला मिळालं नव्हतं. दोन प्रतींतली कुठली उतरेल हे नाणं उडवण्यासारखं असतं, त्यात कुणाची निवड नसते. पण चैत्रालीसाठी आईच्या हातानं निवड झाली होती. दोन्ही प्रती समोर होत्या, तिनं दोन्ही तपासल्या आणि चांगली उचलली. मला जे पडलं ते पडलं. हे रागावण्यासारखं काही नाही, हे मला कळत होतं. मला पुष्कळ गोष्टी कळतात. मी आयुष्यभर वाचत आले आहे आणि हेव्याला कुठले कुठले कपडे चढवता येतात, हे वाचलेल्या माणसाला जरा जास्तच चांगलं ठाऊक असतं. मी संमतीच्या नीतीवरचे लेख काढून वाचले. संमतीचा हक्क म्हणजे नकाराचाही हक्क, अशी वाक्यं अधोरेखित केली. आईनं आपलं रक्त कागदावर न आणता वापरलं, ही चूकच होती आणि त्या चुकीवर शांतपणे विचार व्हायला हवा, असं मी स्वतःला समजावलं.

फिरोजदादा रोज दुपारी एक आकडा पाठवायचा. सोबत शब्द नसायचे. आ पासून ई पर्यंतचा वेळ. पहिल्या आठवड्यात पाऊण सेकंद. दुसऱ्या आठवड्यात दीड. मग दोन.

बाराव्या दिवशी त्यानं फोन केला. "तुला नक्की काय हवंय?"

"वेळ."

"तो तिच्याकडे नाहीये गं."

पंधराव्या दिवशी अप्पासाहेबांचा फोन आला. मला वाटलं गयावया करतील. ते म्हणाले, "ताई, तुमच्यामागं कुणी लागायचं न्हाई, असं चैत्रालीनं बजावलंय. त्यांच्या आईचं हाय, त्यांनी ठरवावं म्हनती. मी आपलं तुम्ही जेवताय का न्हाई, तेवढं इचारायला फोन केला." मी जेवते म्हणाले. फोन ठेवल्यावर मला तिचा आणखी हेवा वाटला, कारण हे आईला आवडलं असतं.

अठराव्या दिवशी आकडा आला नाही. शब्द आले: नोंदवता आलं नाही. खाली ध्वनिफीत होती.

दुपारचे तीन वाजले होते. समोर कुणाच्या तरी कादंबरीचं सातवं प्रकरण होतं. मी फीत लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज, फिरोजदादाचं "हं, म्हण बाळा", आणि मग आ. लांब, खरखरीत, थरथरता आ. मी ई ची वाट पाहू लागले. आ वर जायला निघाला, अर्ध्यावर अडकला, तिथेच घुटमळला. ती श्वास घेऊन पुन्हा सुरुवात करत होती. पुन्हा आ. फीत चाळीस सेकंदांची होती. संपली तरी मी वाट पाहत होते. अठरा वर्षं मला सहज म्हणता येत असलेला, आणि न म्हटलेला शब्द ती मुलगी चाळीस सेकंद ओढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले आणि फिरोजदादासमोर सही केली. कागद उचलून तो जवळजवळ पळतच गेला.

"कुठे आहे ती?" मी मागून विचारलं.

"वॉर्डात. तेरा नंबर."

तेरा नंबरच्या खोलीत ती उशांच्या आधारानं बसवलेली होती. मान एका बाजूला कललेली. अप्पासाहेब तिची वेणी घालत होते, बेकरीतल्या माणसाच्या जाड बोटांनी, पण नीट. मला पाहून ते उठले. चैत्रालीनं ओठ हलवले. तिच्या नावातली व्यंजनं गळून गेली होती. आता ऐ, आ आणि ई चेही तुकडेच उरले होते.

तिच्यासमोर एक पडदा होता. त्यावरच्या अक्षरांवर तिची नजर फिरायची आणि यंत्र बोलायचं, तिच्याच आवाजात. आईनं अठरा वर्षांत जमवलेल्या हजारो ध्वनिफितींतून तो आवाज घडवला होता. त्यामुळे समोरचं तोंड हलत नव्हतं आणि आवाज मात्र गेल्या वर्षीच्या चैत्रालीचा, ठसक्यातला, जयसिंगपूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात तसा.

"काय वो ताई, आलासा?"

"आले."

"अप्पा, जरा भाईर जावा. आन् वेणी अर्धी ठेवू नका, मी काय भूत हाय व्हय?"

अप्पासाहेबांनी घाईनं शेवटचा पेड घातला, रबर लावलं आणि बाहेर गेले.

"सही झाली म्हनं."

"झाली. दुपारी देतील तुला."

"सगळं परत येणार का?"

"बहुतेक येईल. फिरोजदादा बहुतेक म्हणाला."

"तुम्हाला थँक्यू म्हनू का नको?"

"नको."

तिचे डोळे पडद्यावर बराच वेळ फिरत राहिले. मी सही आधी केली होती ते यासाठीच. आता मी काहीही बोलले तरी त्याच्या बदल्यात तिला काही द्यावं लागणार नव्हतं, आणि मलाही काही मिळणार नव्हतं.

"मग एक इचारतो," आवाज म्हणाला. "एकोणीस दिवस का लागलं? सगळी म्हनत्यात, त्यांना दुःख झालंय, सुचत नसंल. मी बी तेच म्हटलं. पर मला तसं वाटत न्हाई. डॉक्टरबाईंनी मला पेशंट म्हनून लई बारकाईनं बघायला शिकवलंय. तुम्ही शोकसभेत माझ्याकडं कसं बघत होता, ते मी बघितलं."

खोलीत एक खुर्ची होती. मी ती ओढून तिच्या नजरेच्या रेषेत बसले, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये.

"दुःखामुळे नाही," मी म्हणाले. "आईनं तो कागद रविवारीच आणला होता. मी तुझं नाव वाचलं आणि मंगळवारी बघू म्हणाले. मला तुझा हेवा वाटतो, चैत्राली. तेरा वर्षांची असल्यापासून. तुझं औषध लागू पडू नये असं मला वाटायचं. तू मरावीस असंही वाटलंय, एकदा नाही, या एकोणीस दिवसांतही वाटलं. आणि सोमवारी आई गेल्याचा फोन आला ना, तेव्हा रडू यायच्या आधी मला बरं वाटलं. वाटलं, आता ती तुलाही मिळणार नाही."